मित्राचं लग्न, माझा कॅमेरा आणि राहून गेलेली आत्या

मे महिन्यातलं लग्न. कराडमधलं मंगल कार्यालय. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३८ मिनिटांचा. नवरदेव माझा बारा वर्षांचा मित्र, सांगलीला इंजिनिअरिंगची चार वर्षं आम्ही एकाच खोलीत काढलेली. आणि या लग्नाचे फोटो काढायची जबाबदारी एकट्या माझ्यावर. त्याआधी मी एकाही लग्नाचे फोटो काढले नव्हते.

लग्नाला आता वर्ष होत आलं. त्या तीन दिवसांत काय साधलं आणि काय हुकलं, ते क्रमानं लिहून काढतोय. अलीकडे दोन-तीन ओळखीच्यांना अशीच गळ पडली आणि त्यांनी मला विचारलं. फोनवर सांगताना प्रत्येक वेळी मी लेन्सबद्दल बोलत सुटतो आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

होकार

फेब्रुवारीत त्याचा फोन आला. "व्हिडिओला इथला एक जण सांगितलाय. फोटो तू काढायचे." त्याच वर्षी घराच्या वरच्या मजल्याचं काम काढलं होतं, पैशांची ओढाताण चालली होती, ते मला माहीत होतं. पण तेवढंच कारण नव्हतं. कॉलेजात असताना मी काढलेले त्याच्या आजोबांचे फोटो त्यानं जपून ठेवले होते. आजोबा गेल्यावर भिंतीवर लागला तो त्यातलाच एक. त्याला तसेच फोटो हवे होते.

मी एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणालो. पाच वर्षं हा कॅमेरा वापरत होतो: गड-किल्ले, पुण्यातल्या पेठा, मित्रांच्या मुलांचे वाढदिवस. या सगळ्यात एक सोय असते, फोटो हुकला तर दुसरा काढता येतो. लग्नात ती नसते. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, हो म्हणा, पण फोटो काढणारा आणखी एक जण हवा, हे आधीच सांगा. तो शिकाऊ असला तरी चालेल. अंतरपाट दूर होताना एकाच माणसाला नवरा, नवरी आणि दोघांचे आईवडील असे सगळे चेहरे टिपता येत नाहीत. तिथं कौशल्याचा प्रश्न नाही, एक माणूस एका वेळी एकाच जागी उभा राहू शकतो.

पैसे घ्यायचे नाहीत हे ठरलं. फोटो कधी द्यायचे, किती द्यायचे, हे ठरलं नाही. फोटो कुठं टाकायचे याचं मात्र वहिनीनंच, म्हणजे होणाऱ्या नवरीनंच, आधी बोलून घेतलं, हळदीचे फोटो नेटवर नकोत. या बाबतीत कायदा थोडा अनपेक्षित आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७प्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याची असते. फुकट काढून दिलेल्या फोटोची मालकी काढणाऱ्याकडेच राहते. म्हणजे कागदोपत्री हे सगळे फोटो माझे. पण एखाद्या मुलीचा हळदीनं माखलेला चेहरा कुणी बघावा, हे तिनंच ठरवायला हवं. तिच्या परवानगीशिवाय त्यातला एकही फोटो मी कुठं टाकलेला नाही.

आदल्या संध्याकाळची पाहणी

सामान असं होतं: चोवीस मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सरचा कॅमेरा, त्याच्याबरोबरच आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स (किट लेन्स), एक ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो), एक फ्लॅश. ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून त्याच कंपनीची दुसरी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, मागून आणली होती. ३२ जीबीची चार कार्डं. एकच मोठं कार्ड मुद्दाम घेतलं नाही, एक कार्ड बिघडलं तर सगळं लग्न त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवून घेतली. ती जुळवली नाहीत तर पुढं दोन्हीकडचे फोटो एका क्रमात लावताना हाल होतात.

सीमांतपूजनाच्या संध्याकाळी सहा वाजता मी कार्यालयात पोचलो. रिकाम्या स्टेजवर मित्राच्या धाकट्या भावाला उभं केलं, तासभर चाचणी घेतली आणि आकडे वहीत लिहिले. त्यातला एक धडा उपयोगी पडला. स्टेजमागच्या सजावटीत एलईडीच्या माळा आणि पॅनेल होते. शटर १/२५०, म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर ठेवलं की फोटोत आडवे काळे पट्टे यायचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे असे स्वस्तातले दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. १/१०० वर आणलं की पट्टे गायब.

बाकीचे आकडे वाया गेले, कारण लग्न दुपारी होतं आणि मी चाचणी संध्याकाळी घेतली होती. कार्यालयाला पत्र्याचं छप्पर, आणि अधूनमधून पारदर्शक पत्रे बसवलेले. संध्याकाळी ते काळे दिसत होते, माझं तिकडं लक्षही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्यातल्या एका पत्र्यातून स्टेजच्या बरोबर मध्यावर ऊन उतरलं. वरून पडणाऱ्या त्या उन्हात फेट्याखाली मित्राचे डोळे दिसेनात. शिवाय उकाड्यामुळे एका बाजूची शटरं उघडलेली, तिकडून पांढराफटक उजेड येत होता. फ्लॅश छताकडं वळवून मऊ प्रकाश घ्यायचा माझा बेत होता, पण छत वीस-पंचवीस फुटांवर, आणि मध्ये मांडवाचं केशरी कापड. त्यावरून परत आलेला प्रकाश केशरी होऊनच यायचा. शेवटी फ्लॅशला मागून पांढरं कार्डशीट रबरानं बांधलं आणि ताकद कमी करून डोळ्यांपुरता उजेड समोरून दिला.

जागा बघायची तर मुहूर्ताच्याच वेळेला बघावी. मी एक दिवस आधी पुण्याहून निघालो असतो तर हे सहज जमलं असतं.

सकाळ

हळदीचं थोडक्यात सांगतो. सगळीकडं पिवळंच पिवळं असलं की कॅमेरा आपल्या हिशेबानं तो पिवळेपणा कमी करू बघतो आणि चेहरे निळसर, आजारी दिसतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून उन्हाच्या खुणेवर ठेवला आणि हळद हळदीसारखी दिसायला लागली.

गौरीहराच्या वेळी मात्र मी जास्त थांबलो. आतल्या खोलीत पिवळी अष्टपुत्री नेसून वहिनी एकटी बसली होती. समोर अन्नपूर्णा, हातात अक्षता, एक एक दाणा वाहत होती. बाहेर सनई, जेवणाची भांडी, मुलांचा दंगा, आणि आत खिडकीतून येणारा एकाच बाजूचा उजेड. इथं ५० मिलिमीटर कामाला आली. किट लेन्स ५५वर नेली की एफ/५.६च्या खाली येत नाही. त्या मानानं एफ/१.८ जवळजवळ दहापट उजेड आत घेते.

पण पहिले पंधरा-वीस फोटो फसले, आणि का फसले ते संध्याकाळी लॅपटॉपवर मोठे करून बघितल्यावर कळलं. मोत्यांच्या मुंडावळ्या कानशिलावरून पुढं लोंबत होत्या, आणि कॅमेऱ्यानं प्रत्येक वेळी डोळा सोडून मोती पकडले होते. दीड मीटरवरून एफ/१.८ला या कॅमेऱ्यावर जेमतेम सहा सेंटिमीटरचाच पट्टा स्पष्ट येतो. मोती लख्ख, पापण्या धूसर. हा प्रकार तेव्हा लक्षात आलेला नव्हता. नशिबानं मधे मी एफ/२.८वर गेलो होतो, खोलीतली समईही स्पष्ट यावी म्हणून. त्यामुळे स्पष्ट पट्टा साडेनऊ सेंटिमीटरपर्यंत गेला आणि तिथून पुढचे सगळे बरे आले. नवऱ्या-नवरीचे जवळून फोटो काढताना फोकसचा ठिपका स्वतः डोळ्यावर नेऊन ठेवावा. मुंडावळ्यांसमोर कॅमेऱ्याच्या निवडीवर विसंबू नये.

१२ वाजून ३८ मिनिटं

व्हिडिओवाला कराडचाच, वीस वर्षं लग्नं केलेला माणूस. साडेअकराला तो स्वतः माझ्याकडं आला. "दादा, पहिलंच लग्न काय?" मी हो म्हणालो. "मग तुम्ही गुरुजींच्या डाव्या अंगाला उभं राहा, खालच्या पायरीवर. मी समोरून घेतो. अंतरपाट पडला की मामा मंडळी पुढं येत्यात, त्या वक्ताला तुम्ही मधी सापडला तर दोघांचं बी जातंय." त्यानं दिलेली ही जागा मला तासभर हिंडूनही सापडली नसती. मी गुरुजींनाही नमस्कार करून विचारलं, लाजाहोमाच्या वेळी होमाजवळ बसलो तर चालेल का. ते म्हणाले, बस, फक्त चप्पल काढ आणि धुरात फ्लॅश मारू नकोस. तेही बरोबरच होतं. धुरावर फ्लॅश पडला की फोटोभर पांढरा पडदा येतो.

मंगलाष्टका सुरू झाल्या. पहिल्या चार-पाचांमध्ये मी करवल्यांचे, दोन्ही मामांचे फोटो घेतले. शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट हलला, आणि मी बटण दाबून धरलं.

माझ्या कॅमेऱ्यात रॉ फाइलचे (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलचे) सलग सहा फोटो निघतात, सेकंदाला पाच या वेगानं. म्हणजे सव्वा सेकंद. ते सहाच्या सहा फोटो खाली जाणाऱ्या कापडाचे आले. मग बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, भरला, लाल दिवा लागला आणि कॅमेरा थांबला. तेवढ्यात वाजंत्री सुरू, अक्षतांचा वर्षाव, वहिनीनं हार उचललेला, आणि मित्रांनी नवरदेवाला कमरेला धरून वर उचललं. ५० मिलिमीटरच्या चौकटीतून त्याचं डोकंच बाहेर गेलं.

खांद्याला दुसरी बॉडी होती, तिच्यावर किट लेन्स १८वर, म्हणजे सगळ्यात रुंद चौकटीवर. ती ओढून मी तीन फोटो काढले. त्यातला एक चांगला आला: हवेत नवरदेव, टाचा उंचावून हार घालणारी वहिनी, मागं मामांचा फेटा, कडेला व्हिडिओवाल्याचं कोपर. १/१०० शटरमुळे अक्षतांच्या पांढऱ्या रेघा झाल्यात, त्या मला आवडतात. पण दोघांनी अंतरपाटावरून एकमेकांना पहिल्यांदा बघितलं, तो क्षण माझ्याकडं नाही. व्हिडिओत आहे.

नवरदेवाला उचलायचं, हे आदल्या रात्री आमच्या ग्रुपवर ठरलं होतं. मी तो मेसेज वाचला होता, त्यावर हसणारा चेहराही टाकला होता. उचलणाऱ्या चौघांत एरवी मीही असतो. बाहेरच्या फोटोग्राफरला हे कळायला मार्ग नव्हता, मला पूर्ण माहीत होतं. तरीही मी घट्ट चौकट धरून उभा राहिलो, कारण डोक्यात आयएसओ आणि शटर होतं.

त्यानंतर काम सुरळीत झालं. सप्तपदीला मी फरशीवर आडवा झालो आणि तांदळाच्या ढिगांच्या उंचीवरून पावलं टिपली. कानपिळीला मेहुण्यानं एवढा जोर लावला की मित्र खरोखर कळवळला, तो चेहरा मिळाला. सूनमुखाला थोडी गडबड झाली. सासूबाई आरशात सुनेचा चेहरा बघतात, तिथं मी फोकस आरशाच्या चौकटीवर धरला आणि प्रतिबिंब धूसर आलं. आरशातला चेहरा काचेवर नसतो. आरशापर्यंतचं आणि आरशापासून माणसापर्यंतचं अंतर मिळवलं की तो जितका लांब होतो, तितका लांबचा फोकस लागतो. काकूंनी माझी धांदल बघून आपणहून आरसा पुन्हा धरला.

कोठीतलं ताट

पावणेचार वाजले होते. पंगती उठल्या, आहेराच्या रांगेतल्या सगळ्यांचे फोटो काढून झाले. सकाळच्या पोह्यांनंतर पोटात काही नव्हतं. पाण्याच्या बाटलीसाठी मी कोठीच्या खोलीत गेलो, तर तिथं आत्या बसली होती. मित्राची आत्या. मांडीवर आहेराची वही, बाजूला नारळांची पोती, साड्यांचे गठ्ठे, कमरेला कोठीची किल्ली.

"बस आधी," ती म्हणाली. वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, दोन जिलब्या असं ताट तिनं माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं. "फोटो कुठं जात नाहीत, दोन घास खा." मी खाली बसून जेवलो. ती वारा घालत होती, वहीच्याच पुठ्ठ्यानं. मित्र लहानपणी तिखट लागलं की कसा नाचायचा, ते सांगत होती. पदर कमरेला खोचलेला, दारातून येणारा उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर. कॅमेरा माझ्या शेजारी, नारळाच्या पोत्यावर ठेवलेला.

मी हात धुतले, बाटली घेतली आणि पुढच्या फोटोंना गेलो.

मित्राची आई नोकरीसाठी दहा वर्षं मुंबईला होती. पहिली ते दहावी त्याला आत्यानं सांभाळला. हॉस्टेलवर डबा तिचा यायचा, आणि त्यातले लाडू मी त्याच्याहून जास्त खाल्लेत. लग्नाच्या दिवशी कोठी तिच्याकडं होती, कारण घरात तेवढ्या विश्वासाचं माणूस दुसरं नव्हतं. म्हणून मंगलाष्टकांना ती स्टेजवर नव्हती. म्हणून घरच्यांच्या फोटोतही ती नव्हती, "सगळे आले का" असं मी ओरडून विचारलं तेव्हा कुणीतरी हो म्हणालं.

अकरा संध्याकाळी

त्या रात्रीच चारही कार्डं लॅपटॉपवर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवली. फोटो हाती पडेपर्यंत कार्डं कोरी करायची नाहीत, हे ठरवून ठेवलं होतं. एकूण फोटो निघाले १,९१२. पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी चाळीस फोटो निवडून पाठवले, लिंकवरून, कारण व्हॉट्सॲपवर थेट टाकले की ते दाबले जातात. बाकीचे निवडायला अकरा संध्याकाळी लागल्या. दिले ४३०.

आत्या नाही हे त्या पहिल्या चाळिसांतच उघड झालं. काकूंचा फोन आला, फोटो फार सुंदर आलेत म्हणाल्या, आणि मग हळूच, "वन्संचा एखादा असेल ना रे?" मी म्हटलं, बघतो. १,९१२ फोटो मी त्यासाठी दोनदा चाळले. दोन ठिकाणी ती आहे. एकात पाठमोरी, एकात कुणाच्या तरी खांद्याआड अर्धी. चेहरा एकातही नाही.

आधी घरच्यांकडून माणसांची यादी घ्यायला हवी होती, हे खरं. पुढच्या लग्नाला मी ती घेतलीही: नातं, कुठल्या विधीला कुठं असणार, ओळखायचं कसं, आणि प्रत्येक घरातला एक जण सोबतीला, माणसं गोळा करायला. पण या प्रकरणात यादी नसल्याची सबब मला लावून घेता येत नाही. आत्या कोण, ते मला यादीतून कळायचं नव्हतं. चांगला कॅमेरा, मोठी लेन्स, वीस वर्षांचा हात, हे सगळं बाहेरच्या माणसाकडं माझ्याहून जास्त असतं. माझ्याकडं एकच गोष्ट जास्त होती, त्या घरातली माणसं मला आतून माहीत होती. त्याच्यासाठीच तर मित्रानं मला बोलावलं होतं. आणि मी दिवसभर बाहेरच्या माणसासारखा, विधींच्या मागं पळत राहिलो.

सत्यनारायण

पूजा पंधरा दिवसांनी, रविवारी होती. मी पहाटे पाचला पुण्याहून निघालो. या वेळी एकच बॉडी आणि ५० मिलिमीटर, फ्लॅश नाही.

आत्या स्वयंपाकघरात शिरा करत होती. सव्वाच्या मापानं रवा भाजून झालेला, आता केळी कुस्करून घालत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "आत्या, लग्नात तुझा फोटो काढायचा राहिला. माझी चूक झाली." ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "मला वाटलं, मी आत होते म्हणून." मग गॅस बारीक केला. "थांब, लुगडं बदलते." मी नको म्हणालो. ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला आणि पुन्हा झाऱ्या हातात घेतला. वाफ खिडकीकडं जात होती. मित्र मागून आला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिच्या कढईत बोट घालायला गेला. तिनं झाऱ्यानंच त्याचा हात उडवला. एफ/२.८, १/२००, खिडकीचा उजेड. एकच फोटो काढला, दुसऱ्याची गरज लागली नाही.

अल्बम करताना मित्राचं म्हणणं होतं, हा फोटो लग्नाच्या पानांतच घालू, घरच्यांच्या फोटोशेजारी, बघणाऱ्याला काय कळणार. मी तयार झालो नाही. तिची साडी वेगळी, त्याच्या कपाळाला मुंडावळ्या नाहीत, आणि त्या दिवशी ती स्टेजवर नव्हती हे घरात सगळ्यांना माहीत आहे. दोन दिवस आमचं यावर बोलणं चाललं. शेवटी तो सत्यनारायणाच्या पानांत गेला, पूर्ण पानभर, खाली पूजेची तारीख घालून. त्याचीच आठ बाय बाराची एक प्रिंट वेगळी काढून मी आत्याला नेऊन दिली. तिनं ती कपाटात साड्यांच्या घडीत ठेवली आणि मला विचारलं, "जेवून जाणार ना?"